तिसऱ्या सीडीतला ठोका

आमच्या ऑफिसात एक कागद असतो, त्याला आम्ही लिसनिंग शीट म्हणतो. डावीकडे गाण्याचा क्रमांक, मग मूळ तबकडीचा नंबर, ती कुणाच्या संग्रहातून आली ते, ऐकताना कितव्या सेकंदाला काय खटकलं ते, आणि अगदी उजवीकडे सही. गेली बारा वर्षं त्या उजव्या रकान्यात माझी सही आहे. सही झाली की गाणं पुढं जातं, सीडी छापली जाते, पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात बसते आणि जगात कुठं कुठं राहणारी चार-पाचशे माणसं ती विकत घेतात. बहुतेक म्हातारी. त्यांचे कान मात्र म्हातारे नसतात, हे मला त्यांच्या पत्रांवरून माहीत आहे.

काम काय ते सरळच सांगतो, कारण शारजात अल नहदाला आमच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. अमेरिकेत ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी काळ्या गायकांनी गायलेली ब्लूजची गाणी, आणि त्यांच्यामागून आलेली रिदम अँड ब्लूजची, लाखेच्या तबकड्यांवर निघाली. पुढं कंपन्या बुडाल्या, धातूचे मूळ साचे भंगारात गेले. उरल्या त्या लोकांनी वाजवून वाजवून झिजवलेल्या तबकड्या, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅरेजात. त्या आता संग्राहकांकडे असतात. ते त्या वाजवून फाइल करून आम्हाला पाठवतात. आम्ही चरचर काढतो, गाणी क्रमानं लावतो, सोबत जाडजूड पुस्तिका करतो आणि चार-चार सीडींचा संच पुन्हा बाजारात आणतो. आम्ही म्हणजे दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरच्या दोन खोल्या. एक मालक, इंग्लंडचा, पासष्टीचा, तीस वर्षं दुबईत मुरलेला. पुस्तिका करणारी एक मल्याळी बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आणि मी.

लोक विचारतात, तुम्हाला ती गाणी आवडतात का? दिवसाला सहा-सात तास हेडफोन घालून दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आवड-नावड शिल्लक राहत नाही. पुराचं गाणं, तुरुंगाचं गाणं, सोडून गेलेल्या नवऱ्याचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. आमच्या गल्लीतल्या बायका नळावर असंच बोलायच्या. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, आणि मग शेवटचा टोला. एवढी ओळख मला पहिल्याच आठवड्यात पटली होती. त्यानंतर नुसती दमणूक. संध्याकाळी थ्री-इलेव्हन हायवेच्या ट्रॅफिकमध्ये मी रेडिओसुद्धा लावत नाही.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बीएस्सी, फिजिक्स. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो आणि बायको टेबलाखालून पाय मारते. मारू दे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या एका खोलीत, पलीकडं चोवीस माग खडखडत असताना, ती पदवी मिळवलेली आहे. ती पेटीत घालून ठेवायची नाही मला.

पण ती खोली मात्र मी कुणाला सांगत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. नोकरीला लागलो त्या दिवशी मालकानं विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं, "टेक्स्टाइल्स." दुबईत टेक्स्टाइल्स म्हणजे कापडाचे गठ्ठे आणणारे-पाठवणारे व्यापारी, त्यांच्या मोठ्या गाड्या. मालकाला वाटलं, म्हातारा शिकलेला नसेल पण पैसेवाला असणार. मी तो समज राहू दिला. आप्पा दुसऱ्याच्या मागावर पाळी करायचे. पुढं जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. शब्दानं मी खोटं बोललो नव्हतो. बारा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

गेल्या हिवाळ्यात आमचा एक संच तयार झाला, विस्मरणात गेलेल्या गायिकांचा. त्यातल्या तिसऱ्या सीडीवर एका बाईची चार गाणी होती. ती जन्मली कुठं, गेली कधी, काही नोंद नाही. फोटो नाही. तिनं दोनच तबकड्या केल्या, दोन्हींच्या दोन-दोन बाजू, आणि जगात त्या दोन्हींची एकेकच प्रत उरली आहे. त्या एका संग्राहकाच्या विधवेकडे होत्या आणि ती विधवा विकायला तर सोडाच, वाजवू द्यायलाही तयार नव्हती. मालक नऊ वर्षं तिला पत्रं लिहीत होता. शेवटी तिनं हो म्हटलं तेव्हा आमच्या ऑफिसात केक आला होता.

सीडी बाहेरून छापून येतात. खोकी आणि पुस्तिका शारजा औद्योगिक क्षेत्रात छापून तिथल्याच एका गोडाऊनमध्ये भरतात. त्या आठवड्यात सगळा माल भरून तयार होता. सोमवारी सकाळी निघणार होता. माझं काम खलास झालं होतं. महिन्याभरात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि मालकानं, "इन्शाल्ला, फॉर्म भरून ठेव," असं म्हटलंही होतं.

गुरुवारी सकाळी मी आणि मुलगी निघालो. तिचं कॉलेज माझ्या ऑफिसच्या थोडं अलीकडं आहे, म्हणून रोज बरोबर. सहाला निघालं तर पाऊण तास, साडेसहाला निघालं तर दोन तास. आम्ही सहा वीसला निघालो होतो, म्हणजे भांडत. संचाची एक प्रत माझ्या बॅगेत होती. स्वतःचं काम गाडीत लावायची मला सवय नाही, पण त्या दिवशी भांडण थांबावं म्हणून तिसरी सीडी लावली. आमची गाडी जुनी आहे, तिच्यात सीडी चालते.

दहा मिनिटांनी मुलगी म्हणाली, "बाबा, समथिंग इज नॉकिंग."

"कुठं?"

"आय डोन्ट नो. टायर?"

मी काच खाली केली, डोकं बाहेर काढून ऐकलं. मागच्यानं हॉर्न मारला. टायर फुटायला हीच जागा मिळाली, असं म्हणत मी पेट्रोल पंपावर गाडी घातली. चारही टायरना लाथा मारल्या. पंपावरचा पठाण वाकून बघून म्हणाला, "भाई साब, सब ठीक है. हवा भी ठीक है." मी परत आत बसलो. इंजिन बंद होतं, गाणं चालू होतं.

मुलगी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होती. "बाबा. इट्स इन द साँग."

"काय?"

"द नॉकिंग. इट्स इन द साँग."

"अगं ती पायानं ताल देत असेल. पूर्वी तसंच असायचं. लाकडी जमीन असायची."

"नो. हर फूट स्टॉप्स. धिस डझन्ट स्टॉप." आणि तिनं डॅशबोर्डवर बोट आपटायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. "इव्हन व्हेन शी इज ब्रीदिंग. लिसन."

मी ऐकलं. पियानो ऐकला. बाईचा आवाज, शेवटच्या अक्षरावर जरा बसणारा, तो ऐकला. पट्टीचा थोडा हिंदकळा ऐकला, कारण तबकडीचं भोक मध्यात नव्हतं. तो मी शीटवर लिहिलाही होता. ठोका मला ऐकू आला नाही.

"माझी चेष्टा करतेस?"

"आर यू मेसिंग विथ मी?" ती म्हणाली.

"हेच काम करून मी तुझी फी भरतो, कळलं?"

"देन यू शुड हिअर इट," ती म्हणाली. उर्मटपणे नव्हे, घाबरून म्हणाली. त्यामुळं मला जास्त लागलं.

ऑफिसात पोचलो तेव्हा कुणी आलेलं नव्हतं. मी ती फाइल उघडली आणि आवाजाचं चित्र स्क्रीनवर मोठं केलं. कंगव्याचे दात असावेत तशा खुणा, सारख्या अंतरावर. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरते; खुणा मोजल्या तर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. कधीतरी उन्हात राहून दोन्ही तबकड्यांच्या कडा फुगल्या असणार, दर फेऱ्याला सुई त्यांच्यावरून उडी मारत होती. चारही गाण्यांत. बारीक चरचर मशीन आपोआप काढतं, हा असला जाड ठोका हातानं काढायचा असतो, आणि काढायला सोपा असतो. ऐकू आला तर.

मी ती चार गाणी तीन-तीन वेळा ऐकली होती. शीट काढून बघितलं. चारही ओळींत 'ओके' आणि माझी सही, नावाखाली रेघ मारून. रेघ मी नेहमी मारतो.

मग मी हेडफोन घातला, आवाज वाढवला आणि स्क्रीनवर दात येईल तसं टेबलावर बोट आपटत गेलो. तिसऱ्या-चौथ्या ओळीपाशी तो आला. धप्. जाड, खालच्या आवाजातला, बाईच्या गळ्याखाली कुणी पाट ठोकत बसल्यासारखा. इतका मोठा की मी हेडफोन काढून बघितलं, दारावर कुणी आहे का. जरा बरंही वाटलं, की चला, येतोय ऐकू. मी बोट थांबवलं. दोन ओळी गेल्या असतील. ठोका नाहीसा झाला. स्क्रीनवर दात येत होते, जात होते, आणि कानात फक्त पियानो आणि बाई.

ऑफिसात मी हे कुणाला कळू दिलं नाही. शनिवारी अल नहदातल्याच एका क्लिनिकमध्ये जाऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी मनातून म्हणत होतो की चुकू दे, चार-सहा तरी चुकू दे. कान गेले असतील तर वय झालं म्हणता येतं, मशीन लावता येतं, जगात लाखो लोकांचे जातात. तपासणाऱ्या फिलिपिनो मुलीनं कागद हातात दिला आणि कौतुकानं म्हणाली, "व्हेरी गुड, सर. फॉर युअर एज, व्हेरी व्हेरी गुड." तिला वाटलं मी आनंदानं गप्प झालोय.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती गणिताच्या शिकवण्या घेते, तिला प्रश्न सोडवायची घाई असते.

"अहो, किती जणांना कळणार आहे?"

"सगळ्यांना."

"तुम्हाला कळलं नाही, तुम्ही तर पगार घेऊन ऐकता."

"म्हणूनच म्हणतो."

"मग पत्रं येतील तेव्हा बघू. दोन महिने तरी जातील ना? तोवर व्हिसा लागलेला असेल."

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, दॅट्स सो राँग!"

"तू गप्प बस. तू पण ह्यांच्याच व्हिसावर आहेस."

"आय नो! स्टिल!"

बायको माझ्याकडं वळली. "मी काही चोरी करा म्हणत नाही. गप्प राहा म्हणते. बावन्नाव्या वर्षी ह्या कामाची दुसरी नोकरी कुठं आहे, सांगा. शारजात? मुंबईत? म्हाताऱ्या अमेरिकन गाण्यांतली घाण काढणारा माणूस पाहिजे, अशी जाहिरात बघितलीय कधी?"

नव्हती बघितली. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि मी जेवून झोपलो.

रविवारी आप्पांचा फोन. म्हणजे व्हिडिओ कॉल, पण आप्पा फोन कानाला लावतात, त्यामुळं आम्हाला त्यांचा फक्त कान दिसतो, ऐंशी वर्षांचा, केसाळ. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, मागाचा आवाज तुम्हाला ऐकू यायचा का?"

"आं?"

"मागाचा! आवाज!"

"कसला आवाज?"

"अहो खडखड!"

"ती होय. ती ऐकत बसलो असतो तर काम कवा केलं असतं?" आप्पा हसले. "माग चालू असला की काय कळायचंय? बंद पडला की कळतंय. चोवीस मागांतला एक थांबला तर मी च्या टाकून उठायचो."

ते आपल्या तंद्रीत पुढं बोलत राहिले. "तू तर काय, लाइट गेली की रडत उठायचास. सगळे माग गप व्हायचे ना एकदम. आई तुला घेऊन येरझाऱ्या घालायची. लाइट आली, खडखड सुरू झाली, की लगेच झोपायचास. तुला पाळण्याची गरजच न्हवती."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं गॅस बारीक केला, पण आत आली नाही. कॉल संपल्यावरही ती ह्या विषयावर काही बोलली नाही, आणि आमच्या घरात ह्याचा अर्थ, तुमचं तुम्ही ठरवा.

सोमवारी मी एकटाच निघालो, साडेपाचला. मालक आठला येतो आणि स्वतःचा चहा स्वतः करतो. तो कपात पिशवी बुडवत होता तेव्हाच मी म्हटलं, "आजचा माल थांबवा." आमचं बोलणं इंग्रजीत असतं, इथं मराठीत लिहितोय.

"का?"

मी हेडफोन त्याच्यापुढं केला. पहिली ओळ पूर्ण व्हायच्या आत त्याचे डोळे मिटले. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग हेडफोन टेबलावर हळूच ठेवला, फुटेल की काय अशा बेतानं.

"चारही?"

"चारही."

"हे तू ऐकलं होतंस?"

"तीनदा."

"मग?"

"मला ऐकू आलं नाही."

तो खुर्चीत मागं टेकला. रागावण्याआधी तो गप्प होतो, हे मला माहीत आहे. पण तो रागावला नाही. म्हणाला, "कान तपासून घे, हबीबी. वय होतं. माझेही वरचे सूर गेलेत, म्हणून तर तुला ठेवलं. इन्शुरन्समध्ये बसेल. ह्यात लाजायचं काय?"

सुटायचं दार उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. क्लिनिकचा कागद माझ्या बॅगेत होता. तो मी का काढला, ह्याचं चांगलं कारण माझ्याकडं नाही. प्रामाणिकपणा असेलही थोडा. पण जास्त करून मला असं वाटलं की बारा वर्षं चांगले असलेले कान आता खोटे ठरवायचे, तेही ह्या माणसासमोर, हे माझ्यानं होणार नाही.

"कान चांगले आहेत," मी कागद सरकवला.

त्यानं आलेख बघितला. त्याला तो कळतो. "मग काय आहे?"

"माझे वडील टेक्स्टाइल्समध्ये नव्हते," मी म्हटलं. "म्हणजे होते. मागावर होते. कामगार. आमची खोली शेडला लागून होती. मी कॉलेज संपेपर्यंत तिथंच झोपलो, तिथंच अभ्यास केला. असा सारखा येणारा ठोका मला आवाज वाटत नाही. थांबला तर वाटेल."

मला वाटलं होतं तो हसेल किंवा इंग्रज लोक करतात तसा चेहरा सहानुभूतीचा करेल. त्यानं दोन्ही केलं नाही. साधे प्रश्न विचारले. किती माग? चोवीस. मधली भिंत कसली? पत्र्याची. दिवसातून किती तास? लाइट असेपर्यंत.

मग म्हणाला, "बारा वर्षं हे मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी."

त्याचा चहा गार होत होता. त्यानं फोन उचलून गोडाऊनला सांगितलं की आज लोडिंग नाही, खलास, खोकी परत उघडा. तिकडून कुणीतरी हुज्जत घालत होतं. तो फक्त "नो, हबीबी, नो" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "तिचं जगात एवढंच आहे. बारा मिनिटं."

"माहीत आहे."

"आणि तो ठोका तसाच गेला असता तर लोकांनी तिला त्या ठोक्यासकट लक्षात ठेवलं असतं."

मी म्हटलं, फाइल आत्ता दुरुस्त करतो, बघून बघून करतो, ऐकायची गरज नाही. तो हो म्हणाला. पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या डोक्यावरच्या फळीवर आमचे सगळे जुने संच ओळीनं लावलेले आहेत, पाठी एका रंगाच्या, छान दिसतात. अठ्ठावीस आहेत. पाहुणा आला की मी त्याला खुर्ची अशी देतो की ती ओळ समोर दिसावी.

"ह्यात काय काय आहे?" त्यानं विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढंच खरं होतं. लोकांनी पत्रं पाठवली नव्हती असं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एकानं लिहिलं होतं की अमुक गाण्यात काहीतरी धपधपतं. मी त्याला दोन पानी उत्तर दिलं होतं, फिजिक्सच्या आधारानं, की तो त्याच्या स्पीकरचा दोष असावा. त्या उत्तराखालीही रेघ मारलेली सही होती. हे मी मालकाला त्याच दिवशी सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर मधे थांबायचं कुठं तेच कळेना.

व्हिसा रिन्यू झाला. मालकानं त्यावर भाषण केलं नाही. फॉर्मवर सही केली आणि पासपोर्ट परत करताना एवढंच म्हणाला की आता शीटवर सहीचे दोन रकाने असतील, पहिला मल्याळी बाईंचा, दुसरा माझा, आणि जुने सगळे संच पुन्हा ऐकायचे. बायकोनं घरी विचारलं, "लागला ना?" मी म्हटलं, "लागला." ती म्हणाली, "मग तोंड असं का?" दोन रकान्यांचं सांगितलं. ती पोळी लाटत होती. ती तव्यावर टाकून म्हणाली, "शाळेत होते तेव्हा मला पण पेपर तपासताना दुसऱ्या टीचरची सही लागायची. मेलं नाही कुणी." मुलगी मात्र विषय काढत नाही. गाडीत तिच्याच फोनवरची गाणी लावते आणि माझ्याकडं बघत नाही. जिंकल्यावर कसं वागायचं ते तिला आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

पहिला संच आम्ही सर्वांत जुनाच घेतला, मी इथं लागल्यावर केलेला पहिला. रोज सकाळी आठ ते दहा. एका वायरीला दोन हेडफोन, एक मल्याळी बाईंच्या कानांवर, एक माझ्या. बाईंना ह्या गाण्यांचं काही पडलेलं नाही. त्या पुस्तिकेची अक्षरं लावतात, चर्चमध्ये गातात. पण डोळे मिटून ऐकतात. ठरलं असं की त्यांना ठोका ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं, आणि मी वेळ लिहायची.

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. बोट टेबलावर होतं. तिसरंही गेलं, आणि मी, मूर्खासारखा, खुर्चीत जरा सैल झालो. चौथ्यात एक माणूस गिटार घेऊन कुठल्याशा पुराबद्दल गातो. मी ते गाणं किती वेळा ऐकलंय ह्याला मोजदाद नाही. गिटारच्या खालच्या तारा मला तोंडपाठ आहेत. दुसऱ्या कडव्यात बाईंचं बोट वर आलं. आलं आणि खाली गेलंच नाही, हवेत तसंच राहिलं, अगदी थोडं थोडं हलत.

मी ऐकत होतो. माणूस होता, गिटार होती, पूर होता.

काउंटर बघून मी लिहिलं, एक मिनिट बारा सेकंद, इथून शेवटपर्यंत. गाणं संपलं. बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "सर, आगे चलें?"

"यल्ला," मी म्हटलं.